कागदावर न आलेली लेक

भेस्तानच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात सुषमाताई पाटील काम करतात. हुद्दा मोठा नाही, पगार तर त्याहून नाही. पण दर हिवाळ्यात कॉलेजांची मुलं वस्तीत सर्व्हे करायला येतात, तेव्हा ती सगळ्यात आधी ताईंच्या हवाली होतात. ताई त्यांना चांगला दम देतात. "दारात उभं राहून विचारायचं नाही. बसायचं. पाणी मागायचं, आणि दिलं की प्यायचं, स्वतःची बाटली काढायची नाही. कागद त्याच्यानंतर." मुलं मान डोलावतात, आणि पहिल्याच दारात उभी राहून विचारतात. मग ताई मागून हळूच खांदा दाबतात आणि मूल खाली बसतं.

असं वीस वर्षं चाललंय. मुलं सेवा योजनेचे आपले एकशेवीस तास भरतात, प्रमाणपत्र घेतात आणि आपापल्या वाटेनं जातात. एखादंच परत येतं. ताईंना त्याचं वाईट वाटत नाही, कारण त्याही अशाच तासांसाठी आल्या होत्या. सेवेबिवेचं कसलं वेड नव्हतं. सत्तावीस तास कमी पडत होते, एवढंच.

कधी मुलांना घेऊन पांडेसऱ्याला ताईंच्या जुन्या गल्लीवरून जावं लागतं. तिथं आता घरांवर मजले चढलेत, फरशा बसल्यात, दारांवर कॅमेरे आहेत. उंबऱ्याशी साड्यांचे गठ्ठे घेऊन बसणाऱ्या बाया दिसत नाहीत. आई जाऊन तीन वर्षं झाली. पूर्वी गल्लीच्या तोंडाशीच मिलच्या कॉस्टिक सोड्याचा वास नाकात घुसायचा. कॉलेजच्या दिवसांत त्या वासाला त्या किती शिव्या द्यायच्या. आता त्याचीच आठवण येते, बोला.

तेव्हा ताई नुसती सुषमा होती. अठरा-एकोणीसची, हुशार, आणि खोटारडी. खोटारडी म्हटलं तर त्या आजही रागावत नाहीत, स्वतःच सांगतात. घर मूळ अमळनेरकडचं, पोटासाठी गुजरातेत आलेलं. वडील सुकलाल डाइंग मिलमध्ये रंग खात्यात. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कधी हात निळे, कधी गुलाबी. आई भागीरथी घरी धागा कटिंग करायची. म्हणजे मशीनवर कशिदा भरलेल्या साड्यांचे गठ्ठे घरी यायचे आणि उलट्या बाजूचे लोंबते धागे छोट्या कटरनं कापायचे. धाकटा भाऊ योगराज. घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, भांडणसुद्धा अहिराणी. सुषमा मात्र गुजराती शाळेत शिकलेली. तिची गुजराती अशी सफाईदार होती की बोलायला लागली तर कोणी हिला खान्देशची म्हणणार नाही.

बारावीला बरे मार्क पडले आणि अठवालाइन्सकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात पूजा नावाच्या मुलीनं विचारलं, "तू कुठे राहतेस?" सुषमाच्या तोंडून निघालं, "भटारला." भटार म्हणजे खात्यापित्या घरांचा भाग. का निघालं, ते देवालाच ठाऊक. पुढचा प्रश्न आला, वडील काय करतात? ती म्हणाली, "मिलमध्ये आहेत." पूजाला वाटलं, मॅनेजर असतील. सुषमानं ते तिला वाटू दिलं. आता यात लाजण्यासारखं काय होतं म्हणाल, तर काडीचंही नव्हतं. पण त्या वयात माणूस शहाणपण शिकायला कॉलेजात जातं आणि आधी लाज शिकून येतं.

एक खोटं सांभाळायला मग दहा लागतात. पांडेसऱ्याहून माणसं भरून येणारी शटल रिक्षा कॉलेजपासून लांब सोडायची. डब्यात बाजरीची भाकरी असली की "भूक नाही" म्हणायचं. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं, कारण पूजानं घातलं होतं. पण कुठल्याही वस्तीत जायचं निघालं की हिचं डोकं दुखायचं. झाडं लावायला हजर, रक्तदानाच्या टेबलावर हजर, वस्तीला गैरहजर. त्यामुळेच वर्षाच्या शेवटी तास कमी पडले. तास पुरे करायला एकच मार्ग उरला होता, सात दिवसांचं शिबिर, रोज संध्याकाळी घरी परतायचं. जयश्रीबेन म्हणून कार्यक्रम अधिकारी होत्या, सडसडीत, कडक आणि मनानं भल्या. त्यांनी फळ्यावर ठिकाण लिहिलं, पांडेसरा. खाली नेमकं तिच्याच वस्तीचं नाव लिहिलं. सुषमाच्या पायाखालची वाळू सरकली.

ती मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मला पहिल्या तीन गल्ल्या द्या." तिची गल्ली सातवी होती. मॅडमनी कारणही विचारलं नाही.

काम साधं होतं. दारोदार जाऊन कुटुंबाची माहिती भरायची. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलं किती, कोणाला काय आजार. त्यावरून एक संस्था घरटी तपासणीची कार्डं देणार होती. अट एकच, फॉर्म पुरा भरलेला पाहिजे. दोन दिवसांनी जयश्रीबेन शाळेच्या ओट्यावर फॉर्म चाळायला बसल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकूण बावीस बायांपुढे, नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात मुलांनी लिहिलं होतं, "खबर नथी." माहीत नाही. एका फॉर्मवर तर नवऱ्याचं नाव 'कपडा' असं होतं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

तो फॉर्म भरणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, आजीबाईंना तीनदा विचारलं. त्यांनी प्रत्येक वेळी एक फाटकं फडकं उचलून दाखवलं."

मुलं पोट धरधरून हसली. कोणी म्हणालं, या बायांना नवऱ्याचं नावसुद्धा माहीत नाही. कोणी म्हणालं, नवरे सोडून गेले असतील. सुषमा मूग गिळून बसली होती. त्या आजीच्या नवऱ्याचं नाव चिंधा, हे तिला बसल्या जागी कळलं होतं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, त्या नावासारखा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही, ही रीत तिनं जन्मापासून पाहिली होती. तिनं स्वतःच्या आईच्या तोंडून वडिलांचं नाव उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "अर्धे फॉर्म चालणार नाहीत. या बावीस घरांना कार्डं मिळणार नाहीत."

आता मात्र सुषमाला राहवेना. तिला त्या आजीचा खोकला माहीत होता. ती म्हणाली, "मॅडम, त्यांना नाव माहीत आहे. त्या घेत नाहीत. सरळ विचारलं तर नाहीच घेणार. उखाण्यात घेतात."

"तुला कसं माहीत?"

"माझी एक मावशी आहे... तिकडची."

मावशीवर भागलं. पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं व्हायचं तेच झालं. जयश्रीबेननी फाइल तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग उद्यापासून तूच पुढे. सगळ्या गल्ल्या."

त्याच दुपारी दुसऱ्या गल्लीच्या नळाशी ती पूजाबरोबर उभी होती. समोरून भागीरथी आली, डोक्यावर साड्यांचा गठ्ठा, कंत्राटदाराकडे पोचवायला निघालेली. लेकीला पाहून तिचा चेहरा फुलला. सुषमानं मान वळवली आणि हातातल्या फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागली. फाइलमध्ये काय होतं शोधायला? काही नव्हतं. भागीरथी क्षणभर थांबली, गठ्ठा सावरला आणि पलीकडच्या बाजूनं निघून गेली.

संध्याकाळी घरी सुषमा वाट बघत होती, आई आता बोलेल. आई बोलली नाही. पोळ्या लाटून झाल्यावर पदर खोचून बाहेर पडली आणि तासाभरानं आली. कुठे गेली होती ते सांगितलं नाही, आणि सुषमाची विचारायची छाती झाली नाही.

सहाव्या दिवशी सातवी गल्ली आली. पहिलंच दार सुंदरामावशीचं. या सुंदरामावशीनं सुषमाचं नाक पुसलेलं, शाळेत पोचवलेलं, पहिली साडी नेसवलेली. आता ती "सुषमी" अशी हाक मारणार आणि सगळं संपणार. सुंदरामावशीनं वर पाहिलं. अगदी अनोळखी, अदबीचा चेहरा केला आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली, "या ताई, बसा. तुम्ही कोठल्या?"

सुषमाला कळेचना. पुढच्या दारीही तेच. "ताई, पाणी घेता का?" तिसऱ्या दारी एका बाईनं चक्क नमस्कार केला. एक लहान पोर "सुषमाताई" म्हणायला तोंड उघडतंय, तोच त्याच्या आईनं त्याला आत ओढलं. अख्खी गल्ली तिला ओळखत नव्हती, आणि ओळख नसल्याचं सोंग इतकं मनापासून वठवत होती की हसू यावं. नळाशी गाठ पडली त्याच संध्याकाळी भागीरथी घरोघर फिरून सांगून आली होती, "पोर कागद घेऊन दारी येईल. तिला ओळख देऊ नका. कॉलेजात तिची अडचण होईल." हे सुषमाला नंतर समजलं, पण अंदाज तिथंच आला. ती फॉर्म भरत राहिली.

उखाणे मात्र असे रंगले की विचारू नका. बाया लाजत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या, पण घेत होत्या. सुंदरामावशीनं कटर खाली ठेवला आणि म्हणाली,

"शंभर साड्यासना कापात धागे,
शालिग्रामराव पुढे नि मी मांगे."

पूजाला शब्द कळले नाहीत, पण नाव कळलं. ती टाळ्या वाजवायला लागली. ती पूजा आज वराछाला एका हिऱ्याच्या ऑफिसात आहे, आणि हा उखाणा तिला अजून पाठ आहे. ताईंचा फोन आला की आधी तो म्हणते.

मग सुषमाचं स्वतःचं दार आलं. भागीरथी उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर हिरवी साडी. धुतलेलं लुगडं नेसली होती, कामाला बसताना कधी नेसत नसे ते. सुषमा समोर बसली. पूजा शेजारी.

"तुमचं नाव?" सुषमानं विचारलं.

"भागीरथी."

"मालकांचं नाव घ्याल का?"

भागीरथीनं पदर पुढे ओढला. खाली बघत, सावकाश म्हणाली,

"पांडेसराना रस्ताले मिलना धूर,
सुकलालरावसना मांगे सोडी उनू माहेर दूर."

आयुष्यात पहिल्यांदा सुषमानं आईच्या तोंडून वडिलांचं नाव ऐकलं. तेही परकी म्हणून. पेन हातात होतं म्हणून बरं, नाहीतर हातांचं काय करावं हेच तिला सुचलं नसतं.

"मुलं किती?"

हा प्रश्न तिनं तोवर शंभर बायांना विचारला होता. भागीरथीनं एकदा पूजाकडे पाहिलं. मग सरळ लेकीच्या डोळ्यांत पाहून शांतपणे म्हणाली, "एकच. एक पोऱ्या शे."

सुषमानं लिहिलं, एक. मुलगा, योगराज. शाईचं पॅड पुढे केलं, भागीरथीनं अंगठा उठवला. अंगठ्याला धागा कटिंगचे घट्टे पडलेले, त्यामुळे ठसा नीट उठेना. सुषमानं दोनदा तो अंगठा हातात धरून दाबला. पुढच्या दाराकडे जाताना पूजा म्हणाली, "किती गोड बाई आहे ना?"

त्या संध्याकाळी आईनं बोल लावला असता तर सुषमा सुटली असती. रडली असती, भांडली असती, मोकळी झाली असती. पण भागीरथी तर खुशीत होती. ताट वाढता वाढता सुकलालना सांगत होती, "लई झाक विचारस पोर. मॅडमपेक्षा तीच मोठी दिखस." योगराजला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, "मी एकटाच आहे ना आता? मग सायकल माझी." सुकलालनी त्याच्यावर डोळे वटारले. सुषमा भाकरी कुस्करत मनाशी हिशोब मांडत होती. ही बाई तिच्यासाठी गल्लीभर खोटं वाटून आली होती, आणि बदल्यात हिनं काय केलं, तर आपल्या हातानं आईच्या पोटचं एक मूल कमी केलं. अंगठा घेऊन. या फॉर्मवर कार्ड निघणार, त्यावर तिघांचीच नावं येणार. सकाळी फॉर्म संस्थेकडे गेले की ते तसंच राहणार.

ताई आजही म्हणतात, सेवेनं माझं आयुष्य बदललं असं लोक समजतात, ते खरं नाही. सेवा मी केलीच नव्हती तोवर. मी नुसतं लिहीत होते. बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून ठेवली होती, ती पुढे योगराजनं रद्दीत घातली. बँकेच्या नोकरीत दारात बसून कोणाला पाणी मागावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, शिबिराच्या शेवटच्या सकाळी, शाळेच्या ओट्यावर फॉर्मांवर शिक्के मारून थप्पी बांधायचं चाललं होतं. सुषमा शाईच्या हातांनीच जयश्रीबेनपुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, सातव्या गल्लीतला एक फॉर्म चुकलाय. मुलं दोन आहेत, मी एक लिहिलं."

"बाईंनी किती सांगितली?"

"एक."

"मग तू दोन कशी लिहिणार? अंगठा त्यांचा आहे."

"त्यांना विचारू या. तुम्ही चला. पूजा, तूही चल."

मॅडमना शेवटच्या दिवशी हे नसतं लचांड नको होतं. पण पोरीचा चेहरा बघून उठल्या. तिघी निघाल्या, मागून आणखी पाचसहा मुलं आली. गल्लीत बाया होत्याच. सुंदरामावशीनं पुन्हा तो परका चेहरा लावला आणि म्हणाली, "या ताई." सुषमा तिच्यासमोरून सरळ पुढे गेली.

भागीरथी उंबऱ्याशी साडी घेऊन बसली होती. एवढी माणसं बघून गडबडीनं उठली. सुषमा वळून म्हणाली, "मॅडम, ही माझी आई. मी या घरात राहते. भटारला नाही."

पूजाचं तोंड उघडंच राहिलं. जयश्रीबेननी एकदा सुषमाकडे, एकदा त्या बाईकडे पाहिलं. आणि भागीरथी हसली. मोडक्यातोडक्या गुजरातीत, हात जोडून मॅडमना म्हणाली, "ना ना बेन. ताई गंमत करते. चांगली मुलगी आहे, गरिबाला आई म्हणते. माझा एकच पोरगा." सुंदरामावशी पलीकडून म्हणाली, "खरंय बेन, एकच आहे." आणखी दोघींनी माना हलवल्या. लेकीनं सत्य सांगितलं, तर गल्ली एकमुखानं ते खोटं पाडायला उभी राहिली. मॅडमना कोणाचं खरं मानावं कळेना. त्यांनी हातातल्या फॉर्मकडे पाहिलं, तिथंही एकच लिहिलेलं.

सुषमाला वाटलं, आता शपथ घ्यावी, रेशन कार्ड काढून दाखवावं. पण कार्ड आत पेटीत होतं, पेटीची किल्ली आईच्या कमरेला, आणि आई ती देणार नव्हती. लेकीची अब्रू तिनं मुठीत घट्ट धरली होती, सोडायला तयार नव्हती.

सुषमानं चपला काढल्या. उंबरा ओलांडून आत गेली, चुलीपाशी पाटावर मांडी घालून बसली आणि सगळ्यांच्या देखत, कॉलेजात एकदाही न उच्चारलेल्या बोलीत म्हणाली,

"माय, माले भूक लागनी. भाकर वाढ."

भागीरथी दारात तशीच उभी राहिली. हात अजून जोडलेले होते. ते हळूहळू सुटले. तिनं मॅडमकडे पाहिलं नाही, पूजाकडे पाहिलं नाही. डोळ्यांना पदर लावला आणि रोजच्यासारखी करवादली,

"शाईना हात घेईसन बसनी तशीच. ऊठ, हात धुई ये पहिले."